दहावी खुंटी

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या त्या दुकानात पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक एक चूक हमखास करी. आत येऊन टेबलांवरून नजर फिरवी, खिडकीजवळ बसलेल्या पन्नाशीच्या बाईकडे बघे आणि म्हणे, "मावशी, जरा पाणी मिळेल का?" बाई निमूट उठून पाणी देई. मग मालक काउंटरवरून हळूच सांगे, "तुमचं मशीन त्यांच्याच हातात आहे बरं का." गिऱ्हाईकाला तिथल्या तिथे ठसका लागे. ही गंमत बावीस वर्षं चालली होती आणि बाईला तिचा एकदाही कंटाळा आला नव्हता. रिकामा पेला परत घेताना ती ओठ मिटून हसायची तेवढंच.

दुकानात ती सगळ्यांची मावशी होती आणि घरी थोरली, कारण दोन भावांच्या घरात ती थोरल्याची बायको. आपण तिला थोरलीच म्हणू.

तिचं काम एकच होतं, कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड बसवायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, त्यात काय, चार स्क्रू पिळले की झालं. ज्याला असं वाटतं त्याने एकदा बसवून बघावा, आणि स्वतःच्या पैशाचा बोर्ड घेऊन बघावा. कॅबिनेट म्हणजे पत्र्याची पेटी. तिच्या आतल्या पत्र्यावर पितळेच्या छोट्या खुंट्या पिळून बसवतात, नखाएवढ्या. बोर्ड त्या खुंट्यांवर टेकतो, म्हणजे त्याची पाठ पत्र्याला लागत नाही. बोर्डाला जिथे भोक, तिथेच खाली खुंटी हवी. एखादी कमी पडली तर बोर्ड वाकतो. एखादी जास्त राहिली, म्हणजे वर भोक नाही आणि खाली खुंटी उभी, तर ती बोर्डाच्या पाठीला जाऊन टोचते आणि बटण दाबलं की वीज नको त्या वाटेने पळते. मग बोर्ड गेला. वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही, कारण खुंटी बोर्डाखाली झाकलेली असते.

हे तिला शिकवलं ते दुकानातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने. थोरली तेव्हा तिथे खरोखरच झाडूपोछ्याला होती, त्यामुळे गिऱ्हाइकांची चूक अगदीच काही चूक नव्हती. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. समोरचा माणूस त्याला आवाजावरून ओळखू येई, पण खुंट्या तो बोटांनी अशा मोजी की बघत राहावं. "डोळा एकदा बघतो आणि समजूत करून घेतो," तो म्हणायचा, "बोटाला समजूत करून घेता येत नाही." झाडू बाजूला ठेवून ती त्याच्याजवळ बसायला लागली. म्हातारा गेल्यावर टेबल तिचं झालं, कुणी दिलं असं नाही, पण त्यावर दुसऱ्या कुणाचं काम तिच्याइतकं टिकेना.

तिची पद्धत ठरलेली होती आणि त्यात ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. आधी कॅबिनेट आडवी करायची. पाठीमागची पत्र्याची पट्टी आतून दाबून बसवायची, चारही कोपऱ्यांवर टक असा आवाज येईपर्यंत. मग खुंट्या. मोठ्या बोर्डाला नऊ, तीन ओळींत तीन तीन. त्या पिळून झाल्या की डाव्या हाताची तीन बोटं सगळ्या पत्र्यावरून फिरवायची, खुंट्यांवरून आणि मधल्या मोकळ्या जागेवरूनही, डोळे मिटून. नंतर उठून मोरीत हात धुवायचे, कोरडे करायचे, खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून अंगातली वीज उतरवायची, आणि मगच बोर्ड पिशवीतून काढायचा. तिरका उतरवून आधी मागच्या पट्टीत सारायचा, मग खाली टेकवायचा. स्क्रू आधी सगळे सैल, मग समोरासमोरचे घट्ट करायचे. कुठे थांबायचं ते बोटाला कळतं. बावीस वर्षांत तिच्या हातून एक बोर्ड जळला नव्हता. मालक नव्या गिऱ्हाइकाला हे दाराशीच ऐकवायचा.

तिच्या समोरच्या टेबलावर तिची जाऊ बसे. धाकटीला दुकानात तिनेच आणलं, सहा वर्षांपूर्वी. धाकटीचा नवरा शाळेची व्हॅन चालवायचा, थोरलीचा लिफ्टची दुरुस्ती करायचा, आणि दोघांच्या मिळून चालणाऱ्या घरात धाकटीच्या हातचे चार पैसे आले तर हवेच होते. ती बाहेर पडली ती थोरलीच्याच समोर येऊन बसली. दुकानात तिचं नाव रेडिओ पडलं. सकाळी कुलूप उघडल्यापासून ती सुरू होई: व्हॅनमधल्या पोरांच्या खोड्या, शेजारणीचा नवा पडदा, मुलीच्या वर्गशिक्षिकेचा नाकातला आवाज. काम करताना हात मात्र चालत. तिचं काम होतं जुने बोर्ड काढायचं. ती कॅबिनेट उघडी करून, धूळ झटकून, रिकामी पुढे द्यायची आणि थोरली त्यात नवा बोर्ड बसवायची.

पहिल्याच आठवड्यात धाकटीने पकडीने खुंटी काढताना तिचे आटे मोडून ठेवले होते. थोरलीने तिला सगळ्यांसमोर झापलं. "आजपासून खुंट्यांना हात लावायचा नाही. बोर्ड काढ आणि पेटी इकडे दे. खुंट्यांचं माझं मी बघीन."

"बरं बाई, तुमच्या खुंट्या तुम्हाला लखलाभ," धाकटी म्हणाली, आणि तसंच ठरून गेलं.

भिंतीवर मालकाने चिकटवलेला कागद वेगळंच सांगत होता. जुना बोर्ड काढणाऱ्याने जुन्या खुंट्या काढून कॅबिनेट साफ करून द्यावी, असं त्यात तिसऱ्या ओळीत लिहिलेलं होतं. पण तो कागद चिकटवल्यानंतर मालकानेही वाचला नव्हता. दोघी जावांचं आपसात ठरलेलं सहा वर्षं सुरळीत चाललं.

मग थोरलीची बोटं गेली.

बोटं हातावर होती, पाचच्या पाच. त्यांच्यातलं कळणं गेलं. आधी टोकांना मुंग्या आल्यासारखं व्हायचं, ती हात झटकायची. मग मुंग्याही येईनाशा झाल्या. स्क्रू उचलला की नाही ते बघून खात्री करावी लागायला लागली. डॉक्टरने साखर तपासली, बोटाच्या टोकाला टाचणी टोचून विचारलं, "लागतंय?" तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून टाचणी बघून ठेवली होती, म्हणून ती हो म्हणाली. डॉक्टर काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने तिला डोळे मिटायला लावलं आणि पुन्हा विचारलं. ती टाचणी टोचण्याची वाट बघत बसली. तो म्हणाला, "साखर आवरली तर पुढचं वाचेल. गेलंय ते परत येईल असं मी सांगू शकत नाही."

घरी येऊन तिने सांगितलं, थोडी साखर निघाली, गोड बंद. बोटांबद्दल ती नवऱ्यापाशीही बोलली नाही. बोलली असती तर तो म्हणाला असता, मग सोड ना काम, बस घरी. त्या टेबलाबाहेर ती कोण होती? पाणी देणारी बाई. टेबलापाशी ती पाणी देणारी बाई असूनही दुसरी कुणीतरी होती, आणि ते दुसरं कुणीतरी असणं तिला जिवापलीकडे प्यारं होतं. तिने ते लपवायचं ठरवलं.

लपवणं जमतही होतं. नऊ खुंट्या कुठे असतात ते तिला पाठ होतं. बोटं त्या नऊ जागांवर जात, दाबलं की मनगटाला अडकल्याचं कळे, ती मनातल्या मनात नऊ म्हणे. मधल्या मोकळ्या जागेवरून बोटं फिरत ती नुसती फिरत. तिथे काही असतं तरी त्यांनी तिला कळवलं नसतं. तिला हे ठाऊक होतं. पण महिने गेले, बोर्ड लागत गेले, मशीनं चालू होत गेली, आणि तिला वाटायला लागलं, हातांना बावीस वर्षांची सवय आहे, सवय सांभाळून घेते आहे.

लपवायला लागल्यावर लगेचच एक प्रसंग मात्र घडला. संध्याकाळी गॅसवर दूध उतू जायला लागलं तेव्हा थोरलीने धावत जाऊन पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि ओट्यावर बाजूला ठेवलं. नुसत्या हातांनी. ठेवल्यावर झाकण शोधायला वळली तर धाकटी दारात उभी. धाकटीने पातेल्याकडे बघितलं, मग तिच्या बोटांकडे. बोटं लालबुंद झाली होती.

"भाजलं नाही ताई तुम्हाला?"

"सवय आहे मला," थोरली म्हणाली, आणि हात पदराखाली घेतले.

रेडिओ बंद पडलेला थोरलीने तेव्हा पहिल्यांदा बघितला, पण तिला तेव्हा आपले हात लपवायची घाई होती.

त्यानंतर धाकटीला एक नवीन वाईट खोड लागली. थोरली खुंट्या मोजून हात धुवायला उठली की ही आपल्या जागेवरून उठून तिच्या टेबलावर ओणवी व्हायची आणि कॅबिनेटमध्ये डोकं घालून काहीतरी बडबडत राहायची. थोरली हात पुशीत परत येई तर हिचं आपलं चालूच. "बाई गं, या पेटीला वास कसला येतोय, गिऱ्हाइकाच्या घरी मांजर असणार." नाहीतर, "इथे आत उजेडच नाही, तुम्हाला दिसतं तरी कसं?" थोरलीचं डोकं फिरायचं. तिच्या मांडलेल्या पेटीत दुसऱ्याने तोंड घातलेलं तिला मुळीच खपत नसे.

"लांब हो आधी. बोलताना थुंकी उडते तुझी बोर्डावर."

"बोर्ड कुठाय अजून? तो तर पिशवीत आहे."

"मग खुंट्यांवर उडते. हो बाजूला."

धाकटी हसत हसत मागे सरे. दुसऱ्या पेटीला पुन्हा तेच. शेवटी थोरलीने कंटाळून तिला बोलायचं सोडून दिलं.

त्या मंगळवारी धाकटीला मुलीच्या शाळेतून बोलावणं आलं. तिने मालकाकडून दोन तासांची सुटी घेतली. जाताना तिने थोरलीच्या टेबलापाशी रेंगाळून विचारलं, "ताई, ते डोळ्यांच्या डॉक्टरांचं मशीन आज बसवणार का तुम्ही? मी आल्यावर बसवा ना."

"का? तुझ्या मुहूर्ताने बसवू?"

"तसं नाही. जुना बोर्ड मी काढलाय ना, एकदा बघते म्हटलं."

"तू काढलास तेवढं पुरे. जा, बाई वाट बघत असतील."

डोळ्यांच्या डॉक्टरांचं मशीन म्हणजे दुकानाच्या गळ्यातलं लोढणं झालं होतं. तपासणीचं यंत्र त्या एकाच जातीच्या जुन्या बोर्डावर चाले. मागे कुणीतरी तात्पुरता लहान बोर्ड बसवून दिला होता, तो चालेना. मालकाने दोन महिने शोधून त्या जातीचा एक मोठा बोर्ड कुठूनसा मिळवला होता. दुसरा कुठे शिल्लक नाही असं देणाऱ्याने सांगितलं होतं. डॉक्टर स्वतः न्यायला येणार होते, बारा वाजता.

लहान बोर्ड काढून मोठा बसवायचा म्हणजे सगळ्यात नाजूक काम. लहान बोर्डाची खालची ओळ मोठ्याच्या ओळींशी जुळत नाही. ती ओळ काढून टाकावी लागते, नाहीतर तिची एखादी खुंटी मोठ्या बोर्डाच्या पोटाखाली येते, आणि तिथे भोक नसतं. हे थोरलीने कितीजणांना शिकवलं होतं. तिने त्या ओळीतल्या खुंट्या काढल्या. दोन काढल्या. तिसरी पेटीच्या आतल्या कडेच्या सावलीत होती. तिने मोठ्याच्या नऊ पुऱ्या केल्या, डोळे मिटले, बोटं फिरवली, मनात नऊ म्हटलं. उठली, हात धुतले, गजाला हात लावला. टेबल जसं सोडलं होतं तसंच होतं. त्यावर कुणी ओणवं नव्हतं, आणि तेवढी शांतता तिला बरी वाटली.

बोर्ड सुरेख बसला. डॉक्टर आले, मालकाने त्यांना खुर्ची दिली, बावीस वर्षांची गोष्ट ऐकवली. थोरलीने वायरी जोडून बटण दाबलं. पंखा अर्धा फेरा फिरला. आतून फटकन एक आवाज आला आणि धुराची बारीक रेघ वर चढली.

थोरलीने वायर काढली. स्क्रू सोडवताना स्क्रूड्रायव्हर दोनदा हातातून पडला. बोर्ड उचलून उलटा केला तर पाठीवर एका जागी काळा डाग होता, आणि पेटीच्या पत्र्यावर त्याच जागी दहावी खुंटी उभी होती. डागाएवढंच तिचंही डोकं काळं झालं होतं. तिने त्या खुंटीला बोट लावून बघितलं. खुंटी गरम असणार, पण तिला कळलं नाही.

डॉक्टरांनी दुकान डोक्यावर घेतलं. त्यांची बाजू खरीच होती, दोन महिने त्यांचे पेशंट परत जात होते. मालक घामाघूम झाला. ज्या तोंडाने त्याने आताच गोष्ट सांगितली होती त्या तोंडाला कोरड पडली होती. डॉक्टर गेल्यावर तो भिंतीवरच्या कागदापाशी गेला आणि आयुष्यात दुसऱ्यांदा तो वाचला.

"जुना बोर्ड काढणाऱ्याने खुंट्या साफ करायच्या," तो म्हणाला. "या पेटीतला जुना बोर्ड कुणी काढला होता?"

नेमकी त्याच वेळी धाकटी दारातून आत आली. शाळेतलं काही सांगायला तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. तिने उलटा बोर्ड बघितला, पेटी बघितली, आणि मग थोरलीकडे बघितलं. थोरलीला तेव्हा बोलायचं होतं. खुंट्यांचं माझं मी बघीन, हे वाक्य तिचं होतं, सहा वर्षांचं. ते आत्ता उचलून मालकासमोर ठेवायचं, एवढंच काम होतं. पण मालकाने पुढे विचारलं असतं, मग राहिली कशी? तुमच्या बोटांना कशी नाही लागली? ती खाली बघत राहिली.

"मीच काढला होता," धाकटी म्हणाली. "खुंटी माझ्याकडूनच राहिली असेल."

"असेल काय, राहिली," मालक म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, पण डॉक्टरांना उत्तर द्यायला त्याला कुणीतरी हवं होतं. "उद्यापासून येऊ नका. मला त्यांना काहीतरी सांगावं लागेल."

धाकटीने पिशवी उचलली. जाताना ती थोरलीला म्हणाली, "मी पुढे होते ताई, भाजी निवडून ठेवते." जणू काही झालंच नव्हतं.

घरीही ती तशीच राहिली. शेजारणीच्या पडद्याबद्दल बोलली, मुलीच्या मार्कांबद्दल बोलली. थोरलीच्या नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, "सुटले बाई एकदाची, धुळीने खोकला झाला होता मला." थोरलीने ताटावर मान खाली घालून घास गिळले. धाकटीने भांडण काढलं असतं, चार शब्द सुनावले असते, आदळआपट केली असती, तर थोरलीला परतून काहीतरी म्हणता आलं असतं. तेवढीही जागा तिने ठेवली नाही.

चौथ्या दिवशी मालकाने सांगितलं, "मावशी, त्या समोरच्या टेबलाचा खण रिकामा करा. नवीन माणूस बघतोय मी." थोरलीने खण ओढला. आत एक कंगवा होता, मुलीचा लहानपणीचा फोटो, सेफ्टी पिना, आणि तळाशी खोकल्याच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा. उचलला तर गोळ्यांच्या मानाने जड लागला. तिने झाकण काढलं.

डबा पितळेच्या खुंट्यांनी भरलेला होता.

क्षणभर तिला अर्थच लागेना. धाकटी खुंट्या जमवते कशाला? मग तिच्या डोळ्यांसमोर टेबलावर ओणवी झालेली जाऊ आली. पेटीत घातलेलं डोकं, मांजराचा वास, आत उजेड नसल्याची तक्रार. दोन मिनिटं, ती हात धुवून येईपर्यंत. थोरलीने डबा टेबलावर ओतला आणि एकेक बाजूला सारत खुंट्या मोजल्या. तेवीस होत्या.

तेवीस बोर्ड. दूध उतू गेल्यापासून मंगळवारपर्यंत तेवीस वेळा ती नऊ म्हणून उठली होती आणि खाली दहावी होती. मालक दाराशी जी बावीस वर्षं सांगायचा त्यातले शेवटचे आठ महिने तिचे नव्हतेच. ज्या बाईवर ती थुंकी उडते म्हणून खेकसली, त्या बाईने ते तिच्या नावावर करून दिले होते आणि वर हसून मागे सरली होती. थोरलीने तोंडाला पदर लावला. भर दुकानात ती कधी रडली नव्हती, पण आज रडली.

डोळे पुसून ती काउंटरपाशी गेली. डबा हातात होता.

"मालक, ती खुंटी माझ्याकडून राहिली."

मालकाने हिशेबाच्या वहीतून मान वर केली.

"खुंट्या मीच काढायच्या असं आमचं ठरलेलं होतं. तिला मी हात लावू देत नव्हते. पहिल्यापासून. कागदावर काहीही असू दे, चूक माझी आहे. तिला परत बोलवा."

मालकाचा चेहरा मऊ झाला. "मावशी," तो म्हणाला, "तुमचं मन मोठं आहे हो. घरच्या माणसासाठी सगळेच बोलतात. पण तुम्ही आणि खुंटी विसरणार? हे मला सांगता? बावीस वर्षं मी तुमचे हात बघतोय."

"माझे हात..." थोरली म्हणाली.

तिथे ती थांबली. पुढचं वाक्य तयार होतं. माझ्या हातांना आता कळत नाही, टाचणी टोचून बघा. मालकाच्या टेबलावर कागदांत खोचलेली टाचणीही होती. एवढं म्हटलं की धाकटीचा डाग पुसला जाणार होता. आणि एवढं म्हटलं की खिडकीजवळचं टेबल जाणार होतं, आजच, आणि पुन्हा कधीही मिळणार नव्हतं.

"तुमचे हात सोन्याचे आहेत," मालकाने तिचं वाक्य पुरं केलं. "जा, चार पेट्या आल्यात. हा विषय आता बंद."

ती वळली. वळताना तिला सुटल्यासारखं वाटलं. आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय हे तिच्या लक्षात आलं, आणि त्या एका गोष्टीसाठी तिला स्वतःची जेवढी शिसारी आली तेवढी जळक्या बोर्डासाठीही आली नव्हती.

त्या दिवशी तिने टॉर्च लावून काम केलं. दर पेटीत वाकून बघायची, खुंट्या मोजायची, हात धुवून आल्यावर पुन्हा मोजायची, बोर्ड टेकवल्यावर शंका येऊन परत उचलायची. एक बोर्ड तिने तीनदा उचलला. दिसत होतं, पण दिसण्यावर तिचा विश्वास बसत नव्हता, तसा विश्वास ठेवायला ती कधी शिकलीच नव्हती. समोरच्या टेबलावर कुणी बोलत नव्हतं. चौथ्या पेटीचा शेवटचा स्क्रू पिळताना कुठे थांबायचं ते तिला कळलं नाही आणि बोर्डातून बारीकसा करकर आवाज आला. मशीन चालू झालं. किती दिवस चालेल ते तिला सांगता आलं नसतं. मालकाने लांबूनच अंगठा वर करून दाखवला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा धाकटी ओट्यापाशी भाजी चिरत होती. थोरलीने पिशवीतून डबा काढला आणि तिच्यासमोर ठेवला. धाकटीने डब्याकडे बघितलं. सुरी थांबली, मग परत चालू लागली.

"टाकून द्यायच्या राहिल्या बघा," ती म्हणाली.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

गॅसवर दूध तापत होतं. बाहेरच्या खोलीत दोघे भाऊ कशावरून तरी हसत होते.

"मी आज सांगितलं मालकांना," ती म्हणाली. "खुंटी माझ्याकडून राहिली म्हणून."

धाकटीने मान वर केली. चार दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "काय म्हणाले?"

"विश्वास नाही बसला त्यांचा."

"आणि बोटांचं सांगितलंत?"

थोरलीने हात पदराखाली घेतले. धाकटी पुन्हा भाजीकडे वळली.

"मग काहीच नाही सांगितलंत, ताई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यात राग नव्हता. आता त्यात कसलीच अपेक्षाही नव्हती.

दूध वर आलं. थोरली सवयीने पुढे झाली आणि तिने पातेल्याकडे हात नेले. धाकटीने मान वर न करता ओट्यावरचं फडकं तिच्याकडे सरकवलं.